पाळकीणबाईंच्या किल्ल्या

१

दुपारी चार ते सहा आमच्या घरात एक मेलेला माणूस बोलायचा आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. सासूबाई त्याच वेळी सुपात डाळ पाखडायला बसायच्या. दूधवाला दारातून "सुरू झाले का साहेब?" असं विचारत पातेल्यात दूध ओतायचा. आणि मी लॅपटॉपपुढे बसून त्या माणसाच्या आवाजातली खरखर काढत राहायची.

मेलेला माणूस म्हणजे रेव्हरंड धर्मराज आढाव, जुन्या जालन्यातल्या आमच्या दगडी चर्चचे एकेकाळचे पाळक. चर्चला यंदा सव्वाशे वर्षं होणार होती. त्यानिमित्त स्मरणिका काढायची ठरलं आणि कमिटीने ते काम माझ्या नवऱ्याच्या गळ्यात घातलं, कारण कल्याण शाळेत मराठी शिकवतो आणि त्याला नाही म्हणता येत नाही. चर्चचा इतिहास त्याने आठ दिवसांत लिहून काढला. छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९ साली, पोटासाठी आलेल्या माणसांनी दगड वाहिले, घंटा आगबोटीने आली आणि पुढे बैलगाडीने, एका वादळात छप्पर उडालं ते शेजारच्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात सापडलं. तीन पानांत सव्वाशे वर्षं आटोपली. उरलेली साठ पानं आढावसाहेबांची. त्यांचं प्रवचन ऐकायला म्हणे जाफराबाद, भोकरदनहून माणसं एसटीच्या टपावर बसून यायची. त्यांना भोंगा लागायचा नाही, खिडकीबाहेरच्यांनाही ऐकू जायचं. कुणा हौशी माणसाने १९७८ ते ८३ या काळात त्यांची प्रवचनं टेप केली होती. एकतीस कॅसेटी.

मी भोकरदनची. लग्नाआधी तीन वर्षं एका स्टुडिओत लग्नांच्या व्हिडिओंचं मिक्सिंग केलेलं. कोणाच्या वरातीतला बँड कमी करायचा, कोणाच्या मामाचं खोकणं काढायचं, यात माझा हातखंडा होता. तेव्हा कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायचं आणि आवाज साफ करायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. कल्याण शेजारी बसून ऐकत ऐकत वहीत उतरवून घ्यायचा.

लग्नाला चार महिने झाले होते. मला ते काम आवडायचं, हे कबूल करते. रोज दोन तास तो माझ्या खांद्याला खांदा लावून बसायचा.

२

चौथ्या कॅसेटमध्ये, चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास, मध्येच छन्न-छन्न झालं. लोखंडावर लोखंड. मी सवयीने तेवढा तुकडा निवडला आणि कापायला बोट उचललं, तर कल्याणने माझं मनगट धरलं.

"थांब, थांब. पुढं ऐकू दे."

आढावसाहेब वाक्याच्या मध्यावर थांबले होते. मग बारीक हसले. आणि म्हणाले, "बरं बाई. चला, आमेन म्हणा." कॅसेटमधली सगळी मंडळी हसली.

स्वयंपाकघरातून सासूबाईही हसल्या. सूप घेऊनच बाहेर आल्या. "पाळकीणबाई हायत त्या. सगुणाबाई. बायकांकडल्या पहिल्या बाकावर बसायच्या. साहेबांचं लांबलं की कमरेच्या किल्ल्या काढून वाजवायच्या. चुलीवरचं मटण लागंल ना मंग!"

"सगळ्यांच्या समोर?" मी विचारलं.

"त्यात काय! अख्खी मंडळी किल्ल्यांची वाट पाहायची. साहेबांना थांबवायची कमिटीची बिलकुल हिंमत न्हाई. पण किल्ल्या वाजल्या की माणूस बराबर खाली उतरायचा."

"पुन्हा लाव," कल्याण म्हणाला.

मी लावलं. त्याने तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. तिसऱ्या वेळी त्याने डोळे मिटले होते.

"बघ ना, एक शब्द न बोलता कसं कळतं त्यांना. नवरा-बायको म्हणजे असं पाह्यजे." मग डोळे उघडून माझ्याकडे बघून हसला. "तू बी काहीतरी वाजवत जा गं कधी. घरात हायेस का न्हाई तेच कळत न्हाई."

मी हसले. थट्टाच होती. आमच्या घरच्या कपाटाच्या किल्ल्या सासूबाईंच्या उशीखाली असतात. मी काय वाजवणार, पातेलं?

३

त्यानंतर तो प्रवचन ऐकेनासा झाला. म्हणजे ऐकायचा, लिहायचा, पण पस्तीस मिनिटं झाली की पेन खाली ठेवायचा आणि पुढे वाकून बसायचा. किल्ल्या वाजल्या की वहीच्या समासात वेळ टाकायचा आणि पुढे 'स.' एवढंच अक्षर. सगुणाबाईंचं. प्रत्येक पानावर माझ्या नवऱ्याच्या सुरेख अक्षरात तो 'स.' असायचा.

स्मरणिकेसाठी त्याने त्यांचा फोटोही शोधला. एकच मिळाला, ऐंशी सालचा, मंडळीचा. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि बाई नवऱ्याकडे, त्यामुळे फोटोत आलाय फक्त अंबाडा आणि एक कान.

"छान हायेत ना?" कल्याण म्हणाला.

कान छान होता. मी मान्य केलं.

सवत असावी तर जिवंत असावी. निदान तिच्या साडीला नावं ठेवता येतात, तिच्या भाजीत मीठ जास्त झालं म्हणता येतं. चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या बाईचं काय करणार? तीही कोण, तर म्हाताऱ्या पाळकाची बायको, जिने माझ्या नवऱ्याला पाहिलंसुद्धा नाही. हे कुणाला सांगितलं असतं तर मलाच हसले असते. मीही हसत होतेच. हसत हसत मी रात्रीच्या जेवणाला तिचं नाव किती वेळा निघतं ते मोजू लागले होते.

अशाच एका जेवणात ते पहिल्यांदा झालं. कल्याण शाळेतली काहीतरी गंमत सांगत होता. सांगता सांगता मध्येच थांबला. घास हातात. मान थोडी डावीकडे कलती करून, कुणी हाक मारेल म्हणून माणूस थांबतो तसा. डावीकडे भिंत होती आणि भिंतीला टेकून ठेवलेली पाटांची चळत. मी उजवीकडे होते.

मी चमचा ताटावर वाजवला. मुद्दाम.

त्याने वळूनही पाहिलं नाही. थोडं थांबून त्याने गोष्ट पुढे चालू केली आणि मग ती संपेचना.

मास्तर लोकांना सवय असते, मी स्वतःला समजावलं. वर्ग शांत व्हायची वाट बघतात. दुसऱ्या दिवशी बाविसावी कॅसेट लावली, तर किल्ल्या इतक्या जवळून वाजल्या की मी मागे वळून पाहिलं. त्या दिवशी माईक बायकांच्या बाजूला सरकवला असेल, हेही मीच मला सांगितलं.

४

गुरुवारी कल्याण शाळेत होता आणि सासूबाई महिला मंडळाच्या सभेला. मी लॅपटॉप उघडला आणि सगुणाबाईंना कापून काढलं.

राग आला म्हणून नव्हे. खूप शांतपणे, एकेक फाइल उघडून. चौथीतून तीन सेकंद, पाचवीतून तीन, असं करत एकतिसावीपर्यंत. दोन्ही टोकं जोडून वर हात फिरवला की कळतही नाही. लग्नाच्या व्हिडिओतून मी घटस्फोटित जावई काढलेले आहेत, ही तर नुसती किल्ल्यांची जुडी. कापलेला तुकडा टाकायचा नसतो ही स्टुडिओतली शिस्त, पण लॅपटॉप शाळेचा, म्हणून ते सगळे तुकडे मी माझ्या फोनवर घेतले. फोल्डरला नाव दिलं 'कचरा'. कॅसेटी केव्हाच चर्चच्या कपाटात परत गेल्या होत्या, आणि फितीची अशी गत झाली होती की पुन्हा वाजल्या असत्या तर नवल.

त्या रात्री मला छान झोप लागली.

शुक्रवारी चार वाजता कल्याणने 'उंबरा' नावाचं प्रवचन पुन्हा लावलं. अठरावी कॅसेट. त्रेचाळीस मिनिटांची फाइल होती, मी तीन सेकंद कमी केले होते. किल्ल्यांची जागा जवळ आली तशी मी वहीच्या समासाकडे बघू लागले.

आढावसाहेब वाक्याच्या मध्यावर थांबले.

मी ती फट बुजवली होती. तिथे थांबायला जागाच ठेवली नव्हती. पण ते थांबले. श्वास ऐकू येत होता. एक, दोन, तीन, चार. मागे मंडळीतून कुणीतरी खाकरलं. मग साहेब हळू आवाजात म्हणाले, "तर मी काय सांगत होतो," आणि पुढे बोलू लागले.

फाइल सत्तेचाळीस मिनिटं चालली.

"अरे, हे कुठं होतं?" कल्याणचे डोळे चमकत होते. "हे तर आपण ऐकलंच नव्हतं!"

कॅसेटची दुसरी बाजू मागे जोडली गेली असेल, असं मी म्हणाले. तसं झालेलं नव्हतं. माझं काम मला येतं. पण खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मला भीती वाटली नाही. त्याने समासात 'स.' लिहिलं नव्हतं, आणि किल्ल्यांचं काय झालं हे एकदाही विचारलं नव्हतं. पुरा एक दिवस मी खुशीत होते.

५

सत्तेचाळीसची बावन्न झाली. पुढच्या आठवड्यात एक तास दहा. दर वेळी उघडली की फाइल लांब झालेली, आणि 'उंबरा'च नव्हे, सगळ्याच. सुरुवातीला आढावसाहेब जागोजाग थांबून वाट बघायचे. मग थांबायचे कमी झाले. आवाज बसत चालला, घशात काही अडकल्यासारखा, पण शब्द सुटायचे नाहीत.

कल्याणने हेडफोन लावायला सुरुवात केली. माझी खुर्ची भिंतीकडे गेली, तिच्यावर वह्या आल्या.

मी एकदा तो झोपल्यावर नव्हे, चांगलं दिवसाढवळ्या, किल्ल्यांचा तुकडा जिथल्या तिथे परत जोडून पाहिला. बसेना. म्हणजे जोडला जायचा, पण लावलं की साहेब त्याच्यावरून बोलत जायचे. रस्त्यातली रिक्षा वाजावी आणि माणसाने लक्ष देऊ नये, तसे.

"आई," मी भाकरी थापताना सासूबाईंना विचारलं, "पाळकीणबाई आधी गेल्या का साहेब?"

"बाई आधी. चौऱ्याऐंशीला. त्याच्यानंतर साहेब प्रवचनाला पुलपीटावर चढलेच न्हाईत. लोकांनी लय विनवण्या केल्या. तर म्हणायचे, चढायला काय, चढतो मी. पण मला उतरवंल कोण?" सासूबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "थट्टेनं म्हणायचे. पण चढले न्हाईत ते न्हाईत."

बाहेरच्या खोलीत कल्याण बोलत होता. हेडफोन कानावर, समोर कुणी नाही. आम्ही दोघी ऐकत राहिलो.

"ह्याचा घसा का बसलाय गं?" सासूबाई म्हणाल्या. "हा तर नुसता लिहून राह्यला ना?"

घसा बसला होता आणि तोंड बंद होत नव्हतं. हात धुताना तो शाळेच्या वेळापत्रकाबद्दल सांगायला लागला की जेवण होऊन, अंथरूण घालून, दिवा मालवून झाला तरी तेच. एकदा दाराच्या चौकटीत उभा राहून त्याने मला पाऊण तास काहीतरी समजावलं. खूप गोड बोलत होता. ऐकत राहावंसं वाटेल असं. मी जवळ जाऊन त्याच्या ओठांवर हात ठेवला.

"अहो, बस करा. मी आहे ना. माझ्याशी गप्प बसा जरा."

माझ्या तळहाताखाली ओठ हलतच राहिले.

६

महोत्सवाच्या रविवारी कल्याणला दहा मिनिटं दिली होती. आढावसाहेबांचं एक प्रवचन वाचून दाखवायचं, मग आताचे पाळक प्रार्थना करणार, मग जेवण. मी नको म्हणाले होते. बरं नाही असं कळवू या, म्हणाले. त्यावर त्याने मला बराच वेळ उत्तर दिलं होतं.

आमच्या चर्चमध्ये अजूनही पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे. वक्त्याची बायको म्हणून मला पहिल्या बाकावर बसवलं. पाच जणी ऐसपैस बसतील असा तो लांब बाक, त्यावर मी एकटी. दुसऱ्या बाकावर सासूबाई.

कल्याण कागद न घेताच पुलपीटावर चढला.

पहिली दहा मिनिटं लोक खूश. म्हाताऱ्या माणसांनी रुमाल काढले. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, साहेबच आले की परत." पाऊण तासाने मांडवातून मटणाचा वास आत आला आणि पोरं चुळबुळायला लागली. सव्वा तासाने कुणी हसत नव्हतं. त्याचा आवाज भाजलेल्या पापडासारखा फुटत होता. खालचा ओठ चिरला होता, बोलताना तिथे लाल थेंब जमायचा आणि तो जिभेने टिपून पुढचं वाक्य घ्यायचा. पाळकसाहेब उठले, त्याच्या दंडाला हात लावला. कल्याणने तो हात अलगद बाजूला केला, एखाद्याच्या बाहीवरचं पान झटकावं तसा.

आणि मग एकेक करून म्हातारी माणसं पहिल्या बाकाकडे बघू लागली. सवयीने. चाळीस वर्षांपूर्वीची सवय. ती माझ्याकडे बघत होती.

मागून सासूबाईंनी हात पुढे केला. थंड लोखंड माझ्या मुठीत आलं. कपाटाच्या किल्ल्या.

"वाजव," त्या कुजबुजल्या. "वाजव गं माय, जल्दी. मरंल तो."

मी उभी राहिले आणि वाजवल्या. तीनशे माणसांसमोर, लग्नाला पाच महिने झालेली, कुणाशी धड न बोलणारी मी.

कल्याणने माझ्याकडे पाहिलं. उत्तर चुकलेल्या मुलाकडे मास्तर पाहतात तसं, मायेने. मान हलवली. आणि पुढे बोलू लागला.

मी खाली बसले. माझे कान तापले होते. तेव्हासुद्धा, ओठातून रक्त येत असलेला माझा नवरा समोर असतानासुद्धा, माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की तिच्या किल्ल्यांना तो थांबला असता आणि माझ्या किल्ल्यांना नाही. फोन मांडीवर होता. 'कचरा' उघडायला दोन सेकंद लागतात. मी दोन सेकंद लावले नाहीत, त्याहून बरेच जास्त लावले. तो बोलत होता तोवर कुणाचा नव्हता. मी बोलावलं की तो तिचा होणार होता.

त्याने श्वास घ्यायला तोंड उघडलं आणि श्वास आलाच नाही, नुसती शिट्टी आली. मी अंगठा टेकवला.

छन्न-छन्न.

तुकडा तीन सेकंदांचा. तीन सेकंदांनी फोन गप्प झाला. किल्ल्या त्यानंतरही वाजत होत्या, थोडंसंच, कुणीतरी त्या परत कमरेला खोचत असावं इतकं.

७

कल्याण थांबला. बारीक हसला.

"बरं बाई," म्हणाला.

ते हसू मी घरात कधी पाहिलं नव्हतं. लग्नाच्या फोटोतही नाही.

"आमेन" तीनशे जणांनी एकदम म्हटलं, इतक्या जोरात की पाखरं उडाली. पेटीवाल्याने घाईघाईने गाणं धरलं. कल्याण पायऱ्या उतरला आणि पुरुषांकडे न जाता सरळ बायकांच्या बाजूला आला. माझ्या बाकाच्या मधल्या वाटेकडच्या टोकाला बसला. त्याच्या आणि माझ्यामध्ये एका माणसाची जागा. मी त्याच्याकडे सरकायला गेले तर त्याने हात आडवा धरला. गप्प होता, किती दिवसांनी. मान माझ्याकडे कलती, डोळे माझ्याकडे नव्हेत, अलीकडेच कुठेतरी थांबलेले.

तेवढ्यात गोजरबाई आल्या. नव्वदीच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, नातसुनेचा हात धरून. त्यांना पुढेच बसायचं होतं, मागे ऐकू येत नाही म्हणून.

"सरका की बाई जराशा," त्या बाकाशी येऊन म्हणाल्या. "कवाची उभी हाय मी."

हे मला नव्हे. मधल्या जागेला म्हणाल्या. मग तोंडभर हसल्या, ओळखीचं माणूस दिसल्यावर हसतात तशा, आणि पदर सावरून म्हणाल्या, "सलाम, बाई."

मोतीबिंदू आहे. त्यांना माणूस आणि खांब सारखाच दिसतो. हे मला माहीत होतं, आणि हेच मी मनात घोकत होते, तेव्हा कल्याण थोडा आत सरकला आणि माझ्या कमरेला धक्का लागला. मऊ. ऊबदार. धुवट लुगड्याचा. त्या मऊपणात एक टोचणारं काहीतरी, थंड.

मी सरकले. सरकावंच लागलं. पुन्हा धक्का लागला, पुन्हा सरकले. गोजरबाई टोकाला बसल्या, त्यांच्या शेजारी कल्याण, आणि मी भिंतीकडच्या टोकाला अर्धी बाकाबाहेर. पाच जणींचा बाक. आम्ही तिघं.

"इकडं ये गं," मागून सासूबाई म्हणाल्या, "माझ्यापाशी हाय जागा."

मी नाही म्हणून मान हलवली. दोन्ही हातांनी बाकाची कड धरली आणि तोंडाने गाणं म्हणू लागले. गाणं सहा कडव्यांचं होतं. दुसऱ्या कडव्याला माझी मांडी थरथरायला लागली, चौथ्याला मुंग्या आल्या. उठायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं. मी उठले असते, तर त्या बाकावर कुणाचीच उणीव दिसली नसती.